बनावट पिस्टन

'फोर्ज्ड' या इंग्रजी शब्दाशी नृसिंहराव हेर्लेकरांची फार जुनी ओळख होती. जिल्हा न्यायालयात भाषांतरकार म्हणून अख्खी नोकरी काढताना हा शब्द त्यांनी इतक्यांदा मराठीत आणला होता, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी 'बनावट' हेच उत्तर आलं असतं. बनावट सही, बनावट शिक्का, बनावट कुलमुखत्यारपत्र. एका खटल्यात तर बनावट वारसही होता, आणि तो खऱ्यापेक्षा जास्त रडला होता. त्यामुळे भाच्यानं, अभिरामनं, पुण्याहून फोनवर "मामा, आपल्या फियाटला फोर्ज्ड पिस्टन लागतील" असं सांगितलं, तेव्हा नृसिंहराव खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिले.

"अभिराम," ते म्हणाले, "मी निवृत्त झालो असलो तरी माझी अब्रू अजून नोकरीत आहे. या घरात बनावट माल येणार नाही."

"अहो मामा, तसं नाही..."

"कलम चारशे एकाहत्तर. बनावट वस्तू खरी म्हणून वापरणे," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. ते कलम वस्तूंचं नसून दस्तऐवजांचं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण रागाच्या भरात एवढी सूट भाषांतरकारानं घेतली तर चालते, असं त्यांचं मत होतं.

आता पिस्टनपर्यंत गोष्ट आली कशी? तर राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये एक जुनी फियाट उभी असायची. ती मूळची दाजींची, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची. दाजी डॉक्टर होते. ते गेल्यावर ताई भावाकडे राहायला आली आणि तिच्या पाठोपाठ तिची ट्रंक, तिचा पाटा-वरवंटा आणि ही गाडी आली. नृसिंहरावांचं लग्न कोर्टातल्या तारखेसारखं पुढं पुढं जात शेवटी राहूनच गेलं होतं, त्यामुळे घरात जागा होती. बहीण-भावाचं छान चाललं होतं. रोज सकाळी चहा कुणी करायचा यावर भांडण आणि संध्याकाळी टीव्ही कुणी बंद करायचा यावर भांडण, असा नेमस्त संसार होता.

पण ताईचे गुडघे गेले. पुण्याच्या घराला लिफ्ट होती, म्हणून दसरा झाला की अभिरामनं आईला कायमची तिकडे न्यायचं ठरलं. गाडीचंही गिऱ्हाईक ठरलं होतं. कळंब्याच्या एका मंगल कार्यालयवाल्याला नवरा-नवरीचे फोटो काढायला जुनी गाडी दारात हवी होती. चालली नाही तरी त्याची तक्रार नव्हती.

हे सगळं ठरल्यावर एका दुपारी गवार निवडता निवडता ताई म्हणाली, "नरू, जायच्या आधी एकदा या गाडीतनं मला पन्हाळ्याला नेशील?"

ती बोलली ते एवढंच. "नेतो की, आणि एकदाही न थांबता नेतो!" हे पुढचं नृसिंहरावांनी आपल्या पदरचं घातलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

कारण पन्हाळ्याच्या चढावर या गाडीनं त्यांचा पुष्कळ अपमान केलेला होता. ते शाळेत होते तेव्हाची गोष्ट. रविवारी दाजी गाडी काढायचे. शेजारी ताई, मागं ताईच्या सासूबाई आणि त्यांच्या शेजारी मांडीवर भडंगाचा डबा घेतलेला नरू. वाघबीळ मागं पडलं, चढ लागला, की एका जांभळाच्या वळणावर गाडी हमखास थांबायची. दाजी उतरून बॉनेट उघडायचे. आतून वाफ यायची. दाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "तापली." मग खालच्या झऱ्याचं पाणी आणायला दाजी कॅन घेऊन निघायचे, आणि भरलेला कॅन एकट्याला उचलत नाही म्हणून ताई सोबत जायची. नरूला हुकूम व्हायचा, "आईंना एकटं सोडू नकोस हं." सासूबाई डोळे मिटून जप करायच्या आणि नरू मान खाली घालून बसायचा. येणारी-जाणारी प्रत्येक जीप वेग कमी करायची आणि आतून आवाज यायचा, "ओ पावणं, ढकलू काय?" वर्गातली मुलंसुद्धा एकदा एसटीच्या खिडकीतून हे ओरडून गेली होती. तेव्हापासून 'ढकलू काय' हे दोन शब्द नृसिंहरावांच्या काळजात रुतून बसले होते. ताई कायमची जाण्याआधी एकदा त्या वळणावरून गाडी सुसाट वर न्यायची, ही त्यांची जिद्द होती. ताई गेल्यावर आपण घरात कुणाशी भांडणार, हा विचार आला की त्यांना कसंतरी व्हायचं. मग ते उठून गाडी पुसायला लागायचे.

अभिराम मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता. त्यानं सांगितलं, नुसतं पाणी-तेल बदलून भागणार नाही. इंजिन उघडू, ट्यून करू, दोन कार्ब्युरेटर बसवू, ताकद दुप्पट करू. नृसिंहरावांना 'दुप्पट' हा शब्द फार आवडला. आणि मग तो फोन आला.

फोन ठेवून ते तणतणत अंगणात आले. कंपाउंडच्या पलीकडं शेजारी हंबीरराव कुंडीला पाणी घालत होते. हंबीरराव दूध संघातून निवृत्त झालेले. त्यांना कमी ऐकू यायचं. कानाचं यंत्र त्यांच्याकडं होतं, पण ते खराब होऊ नये म्हणून ते खिशात ठेवायचे.

"काय झालं ओ हेर्लेकर? त्वांड का असं?"

"भाचा म्हणतो, बनावट पिस्टन मागवू!"

"काय मागवू?"

"बनावट पिस्टन!" नृसिंहराव ओरडले. "चार!"

हंबीररावांच्या हातातली झारी तशीच राहिली. ते रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, आणि पेपरात 'बनावट' हा शब्द कुठल्या शब्दाला चिकटून येतो हे त्यांना पाठ होतं. गावठी बनावटीचे पिस्तूल, दोन जिवंत काडतुसे. ते आत गेले आणि बायकोला म्हणाले, "हेर्लेकराकडं जरा कमीच जात जा."

संध्याकाळी अभिरामचा पुन्हा फोन आला. त्यानं मामांना शांतपणे समजावलं, की पिस्टन दोन तऱ्हेचे. नेहमीचा असतो तो ओतीव, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेला. आणि फोर्ज्ड म्हणजे घडीव, तापलेल्या धातूवर प्रचंड दाब देऊन घडवलेला, आतून घट्ट. इंजिनात ताकद वाढवली की आतला भडका वाढतो, त्याचा मार घडीव पिस्टन सोसतो.

"म्हणजे एक इडली आणि एक भाकरी," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बरोबर, आई."

"मग 'घडीव' म्हणावं माणसानं," नृसिंहराव म्हणाले, "विनाकारण एका सभ्य गृहस्थाला बनावट म्हणायला लावलंस." पिस्टनची ऑर्डर गेली.

आता हे इंजिन उघडणार कोण? तर उद्यमनगरातले आकाराम मिस्त्री. आकाराम मिस्त्री हा माणूस हातानं कमी आणि तोंडानं जास्त काम करी, पण फियाट उघडणारा दुसरा कुणी उरला नव्हता. 'घडीव' हा शब्द ऐकताच मिस्त्री खवळले.

"आवो सायेब, कोल्लापुरात ऱ्हाऊन घडीव मागवताय? लाज न्हाय वाटत? हितं गल्लीगल्लीत ओतकाम चालतंय. सगळ्या देशाची इंजनं आमच्या भट्टीतनं ओतून गेल्यात. आमचा बा ओतारी, आज्जा ओतारी. ओतीवच बसवायचं!"

नृसिंहरावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि अर्धा तास मामा-भाचे-मिस्त्री अशी त्रिपक्षीय सुनावणी झाली. अभिरामचं म्हणणं, दुप्पट ताकदीत ओतीव पिस्टनला चीर जाईल. मिस्त्रींचं म्हणणं, चीर जायची ती जाऊ दे, इज्जत जायला नको. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं मत दिलं की दोन ओतीव, दोन घडीव बसवावेत, म्हणजे कुणालाच वाईट वाटणार नाही. चहावाल्यानं विचारलं की पन्हाळ्याला एसटी जाते, तिचं काय? त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

याच गडबडीत मिस्त्रींनी इंजिनाचं डोकं उतरवलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "सायेब, गाडी लई तापायची म्हंता न्हवं? तापल्याली दिसत न्हाय. हेड बघा की, पट्टी लावली तर मधनं उजेड दिसंना, सपाट हाय. तापल्यालं हेड वाकडं व्हतंय."

"मिस्त्री, मी स्वतःच्या डोळ्यांनी वाफ पाहिलेली आहे," नृसिंहराव म्हणाले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारापुढे मिस्त्रींचं काही चालेना.

पार्सल आलं त्या दिवशी घरात ताई एकटी होती. खोक्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत 'फोर्ज्ड पिस्टन, नग चार' असं छापलेलं. कुरियरवाल्यानं घर सापडेना म्हणून हंबीररावांना विचारलं. हंबीररावांनी ते खोकं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, त्याचं वजन त्यांना लागलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तासाभरात सगळ्या गल्लीला कळलं, की कोर्टातल्या हेर्लेकरांकडं चार पिस्तुलं उतरलीत. कोपऱ्यावरच्या वाण्यानं त्या दिवशी नृसिंहरावांना पहिल्यांदाच "बसा की साहेब" म्हणून खुर्ची दिली. त्यांना वाटलं, अखेर वयाचा मान राखायला लोक शिकले.

दुसऱ्या दिवशी क्रांती नावाची एक तरुण हवालदार दारात आली.

"आजोबा, तुमच्याकडं बनावटीची पिस्तुलं आल्यात म्हणं. चार."

नृसिंहरावांना आधी हसू आलं, मग घाम आला. "बाई, पिस्तूल नव्हे, पिस्टन. गाडीचे."

"मग बनावट कशापायी म्हणालासा?"

"बनावट नव्हेत. फोर्ज्ड आहेत."

"फोर्ज्ड म्हंजी बनावटच की," क्रांती म्हणाली. "आमाला ट्रेनिंगमधी शिकवलंय."

ज्या अर्थासाठी त्यांनी फोनवर भाच्याला कलम ऐकवलं होतं, तोच अर्थ आता गणवेश घालून त्यांच्यापुढं उभा होता. शेवटी खोकं उघडलं. चार चकचकीत पिस्टन गवतात ठेवलेल्या आंब्यांसारखे कागदाच्या कातरणात निजले होते. क्रांतीनं एक उचलून पाहिला आणि म्हणाली, "ह्याच्यात पेनं ठेवाय भारी हुईल." ताईनं तिला चहा दिला आणि हंबीररावांच्या कानाच्या यंत्राची गोष्ट सांगितली. जाताना तिनं हंबीररावांच्या दाराकडं बघून मोठ्यानं सांगितलं, "काका, खिशातलं यंत्र कानात घाला!" हंबीरराव मात्र मनापासून ओशाळले. "हेर्लेकर, माफी करा. आता गाडी पन्हाळ्याला निघंल तवा मी तुमच्यासंगं येतो. कायबी झालं तर मी हाय," असं त्यांनी जाहीर केलं, आणि नाही म्हणायची सोय ठेवली नाही.

पिस्टन बसले. अभिरामनं बजावलं होतं, घडीव पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये जरा सैल ठेवा. मिस्त्री फोन ठेवून म्हणाले, "सैल ठिवाय ती काय विजार हाय?" आणि त्यांनी ते अगदी घट्ट, आपल्या आज्ज्याला शोभतील असे बसवले.

चाचणीसाठी नृसिंहरावांनी गाडी कळंब्याच्या रस्त्याला काढली. काय सांगावं! गाडी उडतच होती. त्यांनी एका बुलेटला मागं टाकलं, एका सिटी बसला मागं टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हॉर्न वाजवायचा खरा हक्क मिळाला होता. एवढ्यात आत कुठंतरी 'चर्र' असा आवाज झाला, गाडी आवळल्यासारखी झाली आणि जागच्या जागी थांबली. नृसिंहरावांनी वर पाहिलं. समोर कारागृहाचं फाटक होतं.

"पावणं, हितं गाडी लावायची न्हाय," पहारेकरी म्हणाला.

"लावलेली नाही. लागलेली आहे."

"कुणाला भेटाय आलाय?"

"कुणालाही नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर शोधेपर्यंत ओळखीचे एक वकील स्कूटरवरून तिथं आले. त्यांनी गाडी पाहिली, फाटक पाहिलं, नृसिंहरावांना पाहिलं. "काय हेर्लेकर, आत निघालाय का बाहेर आलाय?" असं विचारून आणि उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले. म्हणजे आता ही बातमी सगळ्या बाररूममध्ये जाणार होती. शेवटी निरोप मिळाल्यावर हंबीररावांनी दूध संघातल्या ओळखीचा टेम्पो आणला आणि फियाट दोरीनं बांधून कळंब्यापासून उद्यमनगरापर्यंत ओढत नेली. वाटेत एका पोरानं विचारलंच, "आजोबा, ढकलू काय?"

मिस्त्रींनी इंजिन उघडलं. पिस्टनवर खरचटल्याच्या रेघा होत्या. "बगा, म्हटलं नव्हतं? घडीव टिकत न्हाय!" "मिस्त्री, तुम्ही फुगायला जागाच ठेवली नाहीत!" अभिराम फोनमधून ओरडला. पुन्हा सुनावणी सुरू झाली. पण या वेळी नृसिंहरावांच्या आवाजात कोर्ट नव्हतं.

"अभिराम, मला एवढंच सांग. ताईच्या जाण्याआधी गाडी वर जाईल का?"

अभिरामनं आवाज खाली आणला. "मामा, खरं सांगू? टर्बो बसवला असता, शर्यतीत पळवली असती, तर घडीवशिवाय इलाज नव्हता. पण तुम्हाला पन्हाळ्याला जायचंय. एवढ्या ट्यूनिंगला चांगले ओतीव चालतात."

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"आईसाठी काहीतरी भारी करायचं होतं हो," अभिराम म्हणाला, आणि नृसिंहरावांना त्याच्यावर रागावता आलं नाही. आकाराम मिस्त्रींनी ओतीव पिस्टन आणले, हळद-कुंकू लावून बसवले आणि उद्यमनगरात पेढे वाटले.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी गाडी निघाली. पुढं नृसिंहराव आणि ताई, मागं हंबीरराव, त्यांच्या मांडीवर भडंगाचा डबा. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली गेली, वाघबीळ गेलं. चढ लागला. नृसिंहरावांनी दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडीनं हुं की चूं केलं नाही. जांभळाचं वळण आलं, मोठं झालं, आणि सुर्रकन मागं गेलं. नृसिंहरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई! बघितलंस? नाही थांबली! एकदाही नाही!"

ताई मागच्या काचेतून त्या जांभळाकडं बघत होती. "नरू," ती म्हणाली, "अरे, पुढं कुठं आलास? मागं घे की."

"का? तापली नाहीये गं!"

"ती कधी तापलीच नाही." ताईनं मागं हंबीररावांकडं एकदा पाहून घेतलं. यंत्र खिशात होतं. "हे किल्ली फिरवायचे. घरात सासूबाई, दोन नणंदा, वर दवाखान्यातली माणसं. दोन शब्द बोलायचे तर कुठं बोलायचे? म्हणून मग गाडी तापायची. त्या झऱ्यापाशी मी पाण्यात पाय सोडून बसायची आणि हे शेजारी बसायचे. बस्स, तेवढंच."

"पण वाफ? बॉनेटमधनं वाफ यायची, मी पाहिलीय!"

"सिगरेट होती ती. आईसमोर ओढायची चोरी."

"आणि मला कशाला न्यायचात?"

"सासूबाईंजवळ कुणीतरी बसायला नको?" ताई म्हणाली, आणि लग्नातल्या फोटोत हसली होती तशी हसली.

नृसिंहराव स्टिअरिंग धरून बसून राहिले. सगळी नोकरी त्यांनी बनावट कागद वाचण्यात घालवली होती. कुठली सही खरी, कुठला शिक्का खोटा, यावर त्यांनी पानंच्या पानं मराठीत उतरवली होती. आणि त्यांच्या नाकासमोर दर रविवारी एक अस्सल बनावट बिघाड होत होता, त्याच्या शेजारी ते भडंगाचा डबा घेऊन बसत होते. त्यांना रागवायचं होतं. पण दाजींचा तो गंभीर चेहरा आठवला आणि रागवायचं राहूनच गेलं.

त्यांनी गाडी वळवली, जांभळाखाली आणली आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"काय झालं ओ?" हंबीरराव मागून ओरडले. "बिघाडली?"

"तापली!" नृसिंहराव गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "ताई, जरा पाणी आणतेस का? सावकाश ये. घाई नाही."

ताईनं काठी घेतली, पाण्याची रिकामी बाटली घेतली आणि ती पायवाटेनं हळूहळू झऱ्याकडं निघाली. हंबीरराव मदतीला उतरू लागले, तर नृसिंहरावांनी त्यांचा दंड धरून त्यांना परत बसवलं आणि डबा उघडून पुढं केला. झऱ्याच्या बाजूनं पाण्याचा आवाज येत होता. ताईची पाठ दिसत होती. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या.

पन्हाळ्याला निघालेली एक जीप वेग कमी करून शेजारी आली. आतून एका पोरानं डोकं बाहेर काढलं.

"ओ पावणं, ढकलू काय?"

नृसिंहरावांनी आयुष्यातली पहिली खोटी साक्ष ठणठणीत आवाजात दिली. "नको बाबा. लई तापलीया. अजून तासभर तरी हलायची न्हाय."